डाव्या कानात सांगितलेलं

लास्यानं त्याच्या खांद्यावर हात टेकला, टाचा उचलल्या आणि डाव्या कानात काहीतरी सांगितलं. अंबादास उंबऱ्यात बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होता. कानाच्या पाळीला तिचा श्वास लागला, कोमट, दूध-बिस्किटाच्या वासाचा. तेल लावलेली एक बट गालाला घासून गेली. बस, एवढंच. शब्द काही आले नाहीत. एक अख्खं वाक्य, कदाचित दोन, कानाच्या दारापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं, आणि तो नाडीची गाठ तशीच धरून बसला. सांगून झाल्यावर ती मागं सरली, हात पाठीमागं बांधून त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिनं काहीतरी विचारलं होतं, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. अंबादासनं मान हलवली. होकाराची, चांगली ठसठशीत. त्याबरोबर ती सहा वर्षांची पोरगी अशी खुलली, की आपण हिला जत्रेतला अख्खा पाळणाच घेऊन दिला की काय असं त्याला वाटलं. तिनं ओठावर बोट ठेवलं, दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले, कारण एकच डोळा मिटायला तिला अजून जमत नाही, आणि दप्तर उडवत ती शाळेच्या रिक्षाकडं पळाली.

रिक्षा कुंभारीच्या वसाहतीच्या कमानीबाहेर वळली तरी तो उंबऱ्यातच होता. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. ती उजवीकडून आल्यासारखी वाटली म्हणून त्यानं उजवीकडं पाहिलं, तर तिकडं नुसती भिंत. स्वयंपाक चाललेलं घर डावीकडं होतं. त्यानं अंगठा आणि बोट उजव्या कानाजवळ नेऊन एकमेकांवर चोळलं. बारीक खसखस ऐकू आली. मग तेच डाव्या कानाजवळ. बोटं फिरताना जाणवत होती, आवाज मात्र नव्हता. शीळ तेवढी होती. ती आता असतेच, कानाच्या आतल्या अंगाला, शिट्टी व्हायच्या आधी कुकर सुरसुरतो तशी. थकवा आहे, सर्दी आहे, विमानानं दडे बसलेत, मळ असेल. माणूस स्वतःच्या कानाची किती समजूत घालू शकतो याला काही सुमार नाही. पण आपल्या पोरीचं कुजबुजणं ऐकू आलं नाही, याला सर्दी म्हणता येत नव्हतं. आत त्याची आई सुंदरम्मा, लास्याची नायनम्मा, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि परत खाली घातली.

पोरीला सरळ विचारावं, तर तेही शक्य नव्हतं. लास्याच्या गुपितांचे नियम कडक होते. गुपित एकदाच सांगणार. परत विचारलं की गुपित मोडलं, आणि मोडलं की ती दोन दिवस बोलत नाही. फोनवर असताना हे नियम चालवायला सोपे होते. जहाज कुठल्यातरी बंदराला लागलं, की अंबादास धक्क्यावरच्या एखाद्या चहाच्या दुकानात बसून घरी फोन लावायचा. लास्या फोन तोंडाजवळ धरून त्याला गुपितं सांगायची, आणि कानात खुपसलेल्या इअरफोनच्या दोन बोळ्यांतून तिचा आवाज थेट डोक्यात उतरायचा. शाळेतल्या मैत्रिणीनं खडू खाल्ला. मांजरीनं पाण्याच्या टाकीमागं पिल्लं दिली, तिघांपैकी एक तिचं. तिकडून सगळं ऐकू येत होतं. आणि आता घरी येऊन, तिला इतकं जवळ घेऊन बसल्यावर ऐकू येत नव्हतं. याला काय म्हणावं.

तो जहाजावर ड्रम वाजवतो. म्हणजे सहलीला निघालेल्या लोकांचं ते भलंमोठं पांढरं जहाज, ज्यात नाटकगृह आहे, पोहायचे तलाव आहेत आणि चार ठिकाणी चार प्रकारची वाद्यं वाजतात. सोलापुरात कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: मग समुद्र रोजच दिसत असेल की. तो काही रोज दिसत नाही. त्याची खोली पाण्याच्या पातळीच्या खाली, बिनखिडकीची. बेस गिटार वाजवणाऱ्या एका फिलिपिनोबरोबर, एकावर एक दोन पलंग. उशीला कान लावला की इंजिनाची घरघर हाडात शिरते. नाटकगृहालाही खिडक्या नाहीत. समुद्र कळतो तो पायाला. जहाज कलायला लागलं की झांजेचा स्टँड हळूच लांब जातो, मारलेला ठोका हवेत पडतो, आणि मोठा ड्रम पुढं सरकू नये म्हणून पट्ट्यानं जमिनीला बांधावा लागतो. डाव्या हाताशी दोन झांजांची जोडी, नेमकी कानाच्या रेषेत. डाव्या कानात बोळा, त्यात ताल मोजणारी यंत्राची टिकटिक. पडद्यावरची चित्रं, दिवे, नाचणाऱ्या पोरी, सगळं त्या टिकटिकीला बांधलेलं असतं, आणि वाजवण्याच्या धडाक्यात ती ऐकू यायला हवी म्हणून तिचा आवाज वर, अजून वर. उजवा कान बँडच्या मुख्य माणसासाठी मोकळा. म्हणजे डाव्या कानाचं काय होणार हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. फक्त कुणी तसं बोललं नव्हतं.

आणि मान हलवायची. ड्रमवाल्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय कामात, तोंडाला काम नाही. तेव्हा तो बोलतो ते मानेनं. परत घ्यायचं? मान. इथं संपवायचं? मान. मधल्या सुट्टीत कुणी पांढऱ्या केसांची बाई हातात ग्लास घेऊन येते, त्याच्या कानाशी वाकून कसलंतरी गाणं मागते, नवऱ्याच्या आठवणीतलं असावं असं तिच्या डोळ्यांवरून वाटतं. तो हसून मान हलवतो. ती खूश होऊन जाते. मग ते गाणं वाजत नाही, कारण ते त्याला ऐकूच आलेलं नसतं. पण आठवड्यानं जहाज रिकामं होतं, नवी माणसं चढतात, आणि न वाजलेल्या गाण्याबद्दल विचारायला कुणी परत येत नाही. त्या सगळ्या बायांना आपण फसवलं, असं त्याला आज पहिल्यांदा वाटलं. सकाळच्या उन्हात उंबऱ्यात बसून त्यांचे चेहरे आठवायला गेला, तर एकही आठवेना.

संध्याकाळी काड्या सापडेनात. ड्रमच्या काड्यांना घरात काड्याच म्हणतात. सुट्टीत हात जड होऊ नये म्हणून अंबादास रोज संध्याकाळी पत्र्याच्या पेटीवर रबराची थाळी ठेवून टकटक करत बसायचा. थाळी होती, काड्या नव्हत्या. त्यानं पलंगाखाली पाहिलं, पेटीमागं पाहिलं, कपाटावर हात फिरवला. श्रीदेवी, त्याची बायको, तेवढ्यात कामावरून आली. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर असते. दिवसभर शाळांच्या चौकड्यांची कापडं कापून तिची नजर अशी झालीय, की घरातली कुठलीही वस्तू जागची हलली की तिला दारातूनच कळतं.

"काय हुडकायलाय?"

"काड्या."

"सकाळी पेटीवर होत्या. लास्या, घेतलीस का गं?"

लास्या जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिनं आईकडं पाहिलंच नाही. बापाकडं पाहिलं, अगदी सावकाश, आणि परत ते दोन्ही डोळे मिटून उघडणं. अंबादास गोंधळला. ही आपल्याला कशात तरी धरून चालली आहे, एवढं त्याला कळलं. कशात ते कळेना. तरी तो बायकोला म्हणाला, "जाऊ दे, सापडतील की," आणि लास्याच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक आलं, की असं कौतुक त्याला कुठल्या नाटकगृहात मिळालं नव्हतं. ती चित्र काढत होती त्यात एक जहाज होतं. जहाजाला घरासारखं दार, दाराला कडी, आणि वर गच्चीत ड्रम घेऊन बसलेला माणूस. तिच्या हिशेबानं जहाज तोच चालवतो. ही समजूत त्यानंच करून दिली होती. एकदा फोनवर ती विचारत होती की तिथं तुझं काम काय, आणि तो म्हणाला होता, मी वन-टू-थ्री-फोर म्हणून काड्या वाजवल्याशिवाय कुणी सुरूच करत नाही. यात खोटं काही नव्हतं. बँड तसाच सुरू होतो. पण पोरीनं त्यात अख्खं जहाज घातलं होतं, आणि त्यानंही मग ते राहू दिलं. आपल्या काड्यांवर एवढं मोठं जहाज चालतं असं कुणाला तरी वाटतंय, हे त्या बिनखिडकीच्या खोलीत बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तो शहरात गेला, काड्यांच्या निमित्तानं, मैनुद्दीन चाचांकडं. चाचांनीच त्याला घडवलं. सोलापुरातल्या लग्नांत, गणपतीत त्यांचा ऑर्केस्ट्रा वाजायचा आणि अंबादास शाळा सुटली की त्यांच्या खोलीत जाऊन बसायचा. पहिले कितीतरी महिने त्यांनी त्याला ड्रमला हात लावू दिला नव्हता. नुसती मोजणी. "आवाज बाद में देख, पैले गिनती दे. गिनती सच्ची रही तो आवाज खुद आता." आता चाचा थकले होते. खोलीत जुना ड्रमसेट चादरीखाली झाकलेला. अंबादासनं हाक मारली, ती त्यांना कळली नाही. दुसरी हाक मारताना तो पुढं होऊन त्यांच्यासमोर आला, तेव्हा त्यांनी मान वळवून एक कान त्याच्याकडं केला. ही त्यांची जुनी लकब. ऑर्केस्ट्रातली पोरं मागं तिची नक्कल करायची, तोही करायचा, आणि सगळे पोट धरून हसायचे.

"कब निकल रा?" चाचांनी विचारलं.

"मंगळवारी मुंबई. मेडिकल हाय. मग आठ-दहा दिवसांत जहाज."

"अच्छा अच्छा," म्हणत चाचांनी मान हलवली, आणि त्या मान हलवण्यावरून अंबादासला कळलं की त्यांना काही ऐकू आलेलं नाही. त्यानं तेच परत मोठ्यानं सांगितलं. मग चाचा खोलीकडं हात करून म्हणाले, ही खोली अशीच पडून आहे, पोरं येतात विचारत, शिकवा म्हणून, मला आता त्यांचा ठोका चुकला तरी कळत नाही, तू राहिलास तर तुझीच आहे. मागच्या सुट्टीतही ते हेच म्हणाले होते. अंबादासनं दोन्ही वेळा मान हलवली. काड्यांची एक जोडी त्यांनी दिली, ती घेऊन तो बसनं कुंभारीला परत आला, आणि का कोण जाणे, पिशवीतून बाहेर न काढता तशीच खुंटीला अडकवली.

मेडिकलचं त्याच्या डोक्यात होतंच. मुंबईत एका छोट्या काचेच्या खोलीत बसवतात, कानावर जाड हेडफोन, हातात बटण. बारीक शीळ ऐकू आली की बटण दाबायचं. मागच्या खेपेला उजव्या कानाचं झालं, डावा सुरू झाला, आणि कानात काहीच येईना. त्याला दरदरून घाम आला. मग त्याच्या लक्षात आलं की बाहेर बसलेली मुलगी शीळ सोडते तिला एक चाल आहे. उजव्या कानाच्या वेळी त्यानं ती चाल नकळत मोजली होती. तो मोजत राहिला आणि शीळ जिथं पडायला हवी तिथं बटण दाबत गेला. काही ठिकाणी मुद्दाम सोडलं, खरं वाटावं म्हणून. मुलीनं हसून कागदावर सही केली. ऐकू न येणाऱ्या कानानं तो ऐकण्याच्या परीक्षेत पास झाला, ते निव्वळ मोजणीच्या जिवावर. त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता त्याला. चाचांना सांगावंसंही वाटलं होतं.

वारलेल्या बापाची आठवण त्याला जहाजावर कमी येते आणि घरी आलं की जास्त. मल्लेशम त्याचं नाव. आयुष्यभर यंत्रमागावर उभा राहिला. त्या खडखडाटात माणसं एकमेकांशी ओठांनी बोलतात, हातवाऱ्यांनी बोलतात, आणि हळूहळू घरी येऊनही तसंच राहतं. सुंदरम्मा नवऱ्याशी बोलायच्या आधी त्याच्या दंडाला हात लावायची. तो तिच्याकडं बघायचा, मग ती बोलायची. मुलांना एवढा धीर नसतो. ती बापाच्या पाठीमागं उभं राहून, बाजूला बसून, ताटावरून उठता उठता काहीबाही विचारायची, आणि बाप मान हलवायचा. सगळ्याला होकार. शेजारीपाजारी म्हणायचे, मल्लेशमसारखा बाप मिळायला नशीब लागतं, पोरांना कधी नाही म्हणत नाही. अंबादासला यातली मेख लवकर कळली. चाचांच्या ऑर्केस्ट्रात जायचं ठरलं, तेव्हा त्यानं नीट वेळ साधली. बाप जेवत होता, लक्ष ताटात. तो बाजूला बसला, तोंड फारसं न उघडता म्हणाला, नायना, मी ड्रम वाजवायला जाऊ? मागावर नाही जाणार. बापानं घास चावत मान हलवली. पुढं कितीतरी वर्षं हा किस्सा अंबादास रंगवून सांगायचा, जहाजावरच्या बेसवाल्यालासुद्धा सांगितला होता: माझा धंदाच मुळी बापाला ऐकू न आल्यामुळं सुरू झाला. बेसवाला खूप हसला होता. आता तो किस्सा आठवला आणि आपल्या मानेचं ओझं झालं.

रविवारी सगळे घरी होते. पोळ्या झाल्या होत्या, श्रीदेवी गणवेशांच्या उरल्या कापडातून लास्यासाठी फ्रॉक बेतत होती, अंबादास दाराशी पेपर घेऊन बसला होता. सुंदरम्मानं मोरीच्या कोपऱ्यातलं ओलं गोणपाट ओढून पुढं घेतलं. विडीची पानं भिजवून त्यात गुंडाळून ठेवतात, म्हणजे कापताना फुटत नाहीत. ती रोज वरची जुडी काढून घ्यायची. आज तळाची निघाली. तिनं गोणपाट पूर्ण उलगडलं आणि थांबली.

"अंबा, हे तुजंच की रे."

पानांच्या खालून तिनं दोन काड्या काढल्या. पाण्यानं फुगलेल्या, पानांच्या रसानं काळपट झालेल्या. त्यातली एक चांगलीच वाकली होती. श्रीदेवी कात्री ठेवून उठली. "हितं कशा गेल्या ह्या?" ती म्हणाली, पण अंबादासचं लक्ष लास्याकडं होतं. काड्यांकडं तिनं पाहिलंच नाही. ती त्याच्याकडं बघत होती. आधी तिला काही समजलं नाही असं दिसलं, मग समजलं, आणि खालचा ओठ थरथरायला लागला.

"तू सांगितलास," ती म्हणाली.

"काय सांगितलं?" श्रीदेवीनं विचारलं.

"ह्याला एकट्यालाच सांगितलं होतं. ह्यानं हो म्हटलं होतं." एवढं बोलून ती दाराच्या मागं गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. दाराखालच्या फटीतून तिच्या पायाची बोटं दिसत होती, एकमेकांवर दाबलेली.

आता करायला सोपी गोष्ट एकच होती. हो गं, चुकून बोललो आजीजवळ, सॉरी, चल आइस्क्रीम खाऊ. लहान मुलं अशा गोष्टी संध्याकाळपर्यंत विसरतात असं मोठी माणसं म्हणतात. मंगळवारी मुंबई, काचेची खोली, बटण. त्यानंतर आठ-दहा दिवसांत जहाज. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. फक्त त्या दाराच्या मागं बसलेल्या पोरीच्या डोक्यात राहिलं असतं, की आपला बाप मान हलवतो आणि मग सांगून टाकतो. तिची पुढची गुपितं दुसऱ्या कुणाच्या तरी कानात गेली असती. तो ऐकत बसला, त्या ऐकू येणाऱ्या एका कानानं. दाराच्या मागून तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. त्याला तो सहन झाला नाही.

"लास्या, मी नाही सांगितलं," तो म्हणाला. "मला ऐकूच आलं नव्हतं."

दाराच्या मागं सगळं थांबलं.

"ह्या डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. तू सांगितलंस, मी मान हलवली, पण मला कायच कळलं नव्हतं. माझं चुकलं. मी विचारायला पाहिजे होतं."

श्रीदेवी उभीच होती. "कधीपासनं?"

"झाली दोन वर्षं."

"मागच्या मेडिकलला पास झालात की."

त्यानं बटणाचं सांगितलं. सांगताना ते तितकंसं हुशारीचं वाटलं नाही. श्रीदेवी पेटीवर बसली, फ्रॉकचं कापड मांडीवर घेऊन त्याची घडी घालायला लागली, घातलेली घडी मोडून परत घालायला लागली. तिचा राग असाच असतो, हातातून जातो. "दुसरा कान गेल्यावर?" ती शेवटी म्हणाली. "तवा कुठलं बटण दाबणार होता? आम्ही हितं फोनवर बोलायचं आणि तुम्ही तिकडं मान हलवायची. पोरीला वाटायचं नायना ऐकतोय. मला वाटायचं ऐकतोय." तिनं तोंड फिरवलं. मग, अजून तोंड फिरवूनच: "मुंबईला फोन करा. मंगळवारचं होत नाही म्हणून सांगा. आधी हितं डॉक्टरला कान दाखवायचा. बाकी नंतर बघू."

"मला ठाऊक होतं," सुंदरम्मा म्हणाली. दोघांनी तिच्याकडं पाहिलं. ती पदरानं काड्या पुसत होती, जणू त्या पुसून सरळ होणार होत्या. "आल्या दिवसापासनं मी तुज्या उजव्या अंगाला बसायलेय. तुज्या ध्यानात न्हाय आलं. तुजा बाप पण अस्सीच मान हलवायचा."

अंबादासला खरंच आठवलं. आल्यापासून ती जेवताना, चहा पिताना, उंबऱ्यात बसताना उजवीकडंच असायची. बोलायच्या आधी दंडाला हात लावायची. त्याला वाटलं होतं, बरेच दिवसांनी आलोय म्हणून माया करते.

"नायनाला तर कायच कळायचं नाही," तो म्हणाला. "मी ड्रमचं विचारलं तेव्हा पण..."

"तवा पण न्हाय कळलं. रातच्याला मला विचारला, पोरगं काय मागत होतं गं. मी सांगितलं, मागावर येणार न्हाय म्हणतोय, ड्रम वाजवायला जातो म्हणतोय. लई येळ गप बसला. त्याला तुला मागावरच घ्यायचं होतं, मुकादमाशी बोलून ठेवला होता. मग म्हटला, मान हलवलोय मी. आता न्हाय म्हणता येत न्हाय." तिनं काड्या खाली ठेवल्या. "असं लई येळा झालं. न ऐकता हलवायचा, मग मला विचारायचा, आणि हलवलं म्हणून निभवायचा."

इतकी वर्षं तो किस्सा सांगून अंबादासनं माणसांना हसवलं होतं, आणि त्या किश्शाचा दुसरा अर्धा भाग हितं, ह्या मोरीच्या कोपऱ्यात, आईजवळ पडून होता. ताटावर वाकलेला बाप त्याला दिसला, घास चावताना, मान हलवताना. मग रात्री गप्प बसलेला. त्याला बापाचा दंड धरावासा वाटला, आधी हात लावून, त्यानं बघेपर्यंत थांबून, मग बोलावंसं वाटलं. डोळे भरले ते भरू दिले.

दार थोडं हललं. लास्या बाहेर आली. ती सरळ त्याच्याकडं न येता त्याला वळसा घालून उजव्या बाजूला गेली आणि तिथं उभी राहून कानाच्या आत डोकावली, जसं काही तिथलं सामान तपासायचं होतं.

"ह्यानं येतंय का?"

"येतंय."

"नक्की?"

"नक्की."

"मोडलेलं गुपित परत सांगत नसतात," तिनं सांगून ठेवलं. "पण तुला आलंच नव्हतं, म्हणून." मग तिनं खांद्यावर हात टेकला, टाचा उचलल्या, तळव्याचा आडोसा केला. काड्या सगळ्यांसमोर जमिनीवर पडल्या होत्या, त्यांच्याकडं पाठ करून तिनं गुपित पहिल्यापासून सांगायला घेतलं.

"नायना, तुझ्या काड्या मी नायनम्माच्या पानात लपवल्यात. कुणाला सांगू नको. काड्या नसल्या की तुला वन-टू म्हणता येणार नाही. मग जहाज जाणारच नाही. तू पण जाऊ नको. हो ना?"

शब्द न् शब्द आला. शब्दांच्या मधला श्वास आला, पडलेल्या दाताच्या फटीतून निसटणारी हवा आली, शेवटच्या प्रश्नावर आवाज थोडा वर गेला तोही आला. म्हणजे त्या सकाळी आपण याला मान हलवली होती. याला. खुंटीला अडकवलेल्या पिशवीत चाचांनी दिलेल्या काड्या होत्या, जहाजावर तर कपाटभर होत्या, आणि हे पोरीला कधीच कळू नये असं त्याला फार वाटलं. ती मागं सरली आणि हात पाठीमागं बांधून, अगदी तशीच, उभी राहिली. सवयीनं त्याची मान उचलली जात होती. ती त्यानं आवरली.

"हो," तो म्हणाला.

एका कानाच्या माणसाला आपला आवाज किती मोठा झाला याचा अंदाज राहत नाही. तो हो भिंतीवर जाऊन आदळला, दाराबाहेर गेला, समोरच्या ओळीतल्या घरात भांडी घासत बसलेल्या बाईनं वळून पाहिलं. लास्यानं घाईघाईनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबून धरलं.

"हळू," ती म्हणाली. "गुपित आहे ना."

श्रीदेवीनं फ्रॉकचं कापड तोंडाला लावलं. सुंदरम्मानं कात्री उचलली, आपल्याला बाई काही ऐकूच आलं नाही अशी मान खाली घातली, आणि पुढचं पान कापायला घेतलं.